कॉलेजचा सर्च रिपोर्ट कोणी काढायचा?

बँकेत असताना मी शेकडो सर्च रिपोर्ट वाचले. फ्लॅट गहाण ठेवायचा म्हटला की वकिलाकडून त्याचा तीस वर्षांचा इतिहास काढून घ्यायचा, इंडेक्स टू, सोसायटीचे पत्र फायलीला लावायचे आणि मगच सही करायची. ही सवय अंगात इतकी मुरली, की कादंबरी लिहितानाही पात्राचे घर कोणाच्या नावावर आहे हे मी आधी ठरवतो.

२००८ साली माझ्या शाखेत एक माध्यमिक शिक्षक आले. मुलगा मेलबर्नला पाककलेचा अभ्यासक्रम करणार होता. "साहेब, एजंटनं सगळं करून दिलंय," ते म्हणाले. त्यांच्या फ्लॅटची, पगाराची आणि जामीनदाराची मी कसून चौकशी केली. कॉलेजबद्दल मात्र 'प्रवेशपत्र जोडले आहे' एवढीच नोंद केली. वर्षभरातच त्या कॉलेजला टाळे लागले.

वाचकांना ते दिवस आठवत असतील. भारतीय विद्यार्थ्यांना झालेल्या मारहाणीच्या बातम्या रोज येत होत्या. ३१ मे २००९ रोजी मेलबर्नच्या रस्त्यावर या मुलांनी मोर्चा काढला. तो संताप रास्तच होता. पण मारहाण कॅमेऱ्यात दिसते, बुडालेली फी दिसत नाही. त्या काळात आचारी आणि केशकर्तनकार यांना कायम वास्तव्याचा परवाना मिळणे सोपे होते. साहजिकच असे अभ्यासक्रम शिकवणारी खासगी कॉलेजे भराभर निघाली. आलेली आगाऊ फी भाड्यात, जाहिरातीत आणि एजंटांच्या कमिशनात जायची. नवी मुले येत होती तोवर गाडा चालला. ती कमी झाली आणि भिशी फुटावी तसा कारभार फुटला.

गंमत अशी, की तिथे कायदा नव्हता असे नाही. परदेशी विद्यार्थ्यांसाठी ऑस्ट्रेलियाने १९९१ सालीच कायदा केला होता आणि २००० साली तो नव्याने लिहिला. 'क्रायकॉस' या सरकारी नोंदवहीत नाव असल्याशिवाय कोणत्याही संस्थेला परदेशी विद्यार्थी घेता येत नाही. त्या कायद्याच्याच आधाराने गुरुजींच्या मुलाला दुसऱ्या कॉलेजात जागा मिळाली. पण त्यात काही महिने गेले. कर्जाचा हप्ता सुरू व्हायला मुदत होती, व्याज मात्र कोणासाठी थांबते?

कायदा असूनही हे घडले, कारण नोंदणी देताना पुरेशी पारख होत नव्हती. ब्रूस बेअर्ड या माजी खासदाराने २०१० साली या व्यवस्थेची तपासणी करून अहवाल दिला. त्यानंतर सर्व संस्थांना नव्याने नोंदणी करावी लागली. २०१२ साली फीला संरक्षण देणारी स्वतंत्र योजना आली. कॉलेज बंद पडले, तर संस्थेने चौदा दिवसांत पर्यायी जागा द्यायची किंवा न वापरलेली फी परत करायची. तिने हात वर केले, तर ही योजना पुढे येते. तिचा निधी कॉलेजांच्या वर्गणीतूनच उभा राहतो. पंचवीस आठवड्यांहून मोठ्या अभ्यासक्रमाला तो सुरू होण्याआधी निम्म्याहून अधिक फी मागता येत नाही. ही आगाऊ रक्कम वेगळ्या खात्यात ठेवण्याचे बंधनही त्या वर्षी खासगी कॉलेजांवर आले. माझ्यासारख्या बँकवाल्याला हे कलम सर्वांत आवडले. दुसऱ्याचा पैसा दुसऱ्याचा म्हणूनच सांभाळायचा, हा आमच्या धंद्याचा पहिला धडा.

पण एजंटाचे काय? ऑस्ट्रेलियन नियमांनुसार कॉलेजने एजंटाशी लेखी करार करायचा, त्याच्यावर लक्ष ठेवायचे आणि त्याने खोटेपणा केला तर संबंध तोडायचे. म्हणजे लगाम कॉलेजच्या हातात, आणि एजंटाला कमिशन देणारे तेच! शिवाय तो एजंट बसतो आपल्या गल्लीत. तिथला कायदा आपल्या गल्लीपर्यंत कसा पोचणार?

कॅनडात २०२३ साली याचे दुसरे टोक दिसले. पंजाबातल्या एजंटाने दिलेली प्रवेशपत्रे बनावट असल्याचे मुलांना कळले ते तिथे काही वर्षे काढल्यानंतर, आणि हद्दपारीची टांगती तलवार आली ती मुलांवर. खरोखर फसलेल्यांना तिथल्या सरकारने दिलासा दिला. १ डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक प्रवेशपत्र कॉलेजकडून पडताळून घेण्याचा नियम झाला. एवढी साधी गोष्ट, पण शेकडो घरांची झोप उडाल्यावर सुचली.

आपण १९८३ साली केलेला उत्प्रवासन कायदा नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांचा विचार करतो. आखातात गवंडी पाठवणाऱ्या एजंटाला त्याने नोंदणी सक्तीची केली. पण चाळीस लाखांचे कर्ज डोक्यावर घेऊन शिकायला निघालेली मुलगी त्याच्या कक्षेत येत नाही. पंजाबने २०१२ च्या कायद्याने अशा सल्लागारांनाही परवाना सक्तीचा केला. परवाना म्हणजे प्रामाणिकपणाची हमी नव्हे, पण निदान जाब कोणाला विचारायचा ते तरी कळते. तसा कायदा सबंध देशाला हवा. एजंटाने किती कमिशन घेतले ते पालकाला लेखी सांगावे. आणि बँकेने कर्ज मंजूर करण्यापूर्वी कॉलेजची नोंदणी तपासून तो कागद फायलीला लावावा. त्याला वकीलसुद्धा लागत नाही, क्रायकॉसची नोंदवही इंटरनेटवर कोणालाही पाहता येते.

गुरुजींनी कर्ज पूर्ण फेडले. निवृत्तीच्या पैशातून शेवटचा भरणा करायला आले, तेव्हा फ्लॅटचे कागद मी स्वतः त्यांच्या हाती दिले. "तुमचे कागद चोख होते, गुरुजी," मी म्हणालो. त्यांनी पाकीट पिशवीत ठेवले आणि शांतपणे विचारले, "आणि त्यांचे?"

त्या प्रश्नाला माझ्या फायलीत उत्तर नव्हते.