घरचा नळ आणि गावची विहीर

ऑगस्ट २०२२ मध्ये गोव्यातील प्रत्येक ग्रामीण घरी नळाचे पाणी पोहोचल्याचे प्रमाणित झाले व हा मान मिळविणारे गोवा हे देशातील पहिले राज्य ठरले. पेडणे व डिचोली तालुक्यांतील गृहिणींना ही सोय झाली, हे उत्तमच होय. परंतु घरात आलेले पाणी पुढे जाते कोठे, हा प्रश्न किती घरांत विचारला जातो?

हिशेब सोपा आहे. ग्रामीण नळयोजनेत माणशी दररोज निदान ५५ लिटर पाणी धरलेले असते. त्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होते, असा अभियंत्यांचा आडाखा आहे. म्हणजे पाच माणसांच्या घरातून दिवसाला २२० लिटर! पणजीतील सांडपाणी भुयारी गटारांतून टोंक येथील केंद्रात जाऊन शुद्ध होते. विखुरलेल्या वाड्यांत अशी गटारे नेणे फार खर्चाचे. तेथे घराची सेप्टिक टाकी हेच त्या घराचे शुद्धीकरण केंद्र होय.

या टाकीत जड मळ तळाशी बसतो आणि हवेवाचून जगणारे सूक्ष्म जंतू त्याचे विघटन करतात. वरचे पाणी शोषखड्ड्यातून जमिनीत मुरते. ते निवळ दिसले तरी रोगजंतूंपासून मुक्त नसते. त्यांना अडविण्याचे काम माती करते. आपल्याकडील चिऱ्याचा दगड सच्छिद्र, आणि पावसाळ्यात विहिरी वरपर्यंत भरतात. मग पाणी गाळण्यास कोरडी माती उरते किती? म्हणूनच शोषखड्डा विहिरीपासून निदान १८ मीटर दूर असावा, असे भारतीय मानक सांगते.

हे अंतर न राखल्यास काय होते, ते १८५४ साली लंडनमध्ये दिसले. ब्रॉड स्ट्रीटच्या परिसरात पटकीने सहाशेहून अधिक माणसे दगावली. रोगाचे मूळ तेथील पंपाच्या पाण्यात आहे, असे डॉ. जॉन स्नो म्हणाले. स्थानिक धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड यांना ते प्रथम पटेना. परंतु घरोघर चौकशी करता त्यांनाच एका आजारी तान्ह्या मुलीचे घर सापडले. त्या घरचा मळखड्डा पंपाच्या विहिरीपासून एक मीटरही दूर नव्हता, आणि त्याचे वीटकाम ढासळले होते.

अंतराइतकाच उपसाही महत्त्वाचा. गाळाने भरलेली टाकी मळ थेट शोषखड्ड्यात ढकलते. म्हणून दोन-तीन वर्षांनी ती उपसावी लागते. आपण मात्र ती तुंबल्यावाचून झाकण उघडत नाही! सातारा जिल्ह्यातील वाई नगरपालिकेने २०१८ साली प्रत्येक घराची टाकी तीन वर्षांतून एकदा टँकरने उपसण्याचा व मैला शुद्धीकरण केंद्रात नेण्याचा क्रम आरंभिला. लहान गावे एकत्र आल्यास हा मार्ग त्यांनाही मोकळा आहे. मात्र टाकीत माणूस कदापि उतरवू नये. आतील विषारी वायू क्षणात प्राण घेतो, आणि २०१३ च्या कायद्याने असे काम करवून घेण्यास मनाई केली आहे.

तेव्हा वाचकहो, या आठवड्यात घरातील वडीलधाऱ्यांनी फीत घेऊन आपल्या शोषखड्ड्यापासून विहिरीपर्यंतचे अंतर मोजावे. शेजाऱ्याची विहीरही त्यात धरावी. टाकी शेवटी केव्हा उपसली, हे आठवावे. आणि पुढील ग्रामसभेत एक प्रश्न अवश्य विचारावा: आपल्या गावात येणारा टँकर मैला कोठे रिकामा करतो? तो ओहोळात पडत असेल, तर एका घरची घाण खालच्या वाडीच्या दारी नेली, एवढेच झाले.