यात अंडं असतं का?

ऑनसाइटला आलेल्या प्रत्येक मराठी माणसाच्या आयुष्यात एकदा 'आई-बाबा येताहेत' हे पर्व येतं. व्हिसाचे कागद, इन्शुरन्स, बॅगेत मेतकूट किती आणि चकल्या किती, हे सगळं एकदाचं पार पडतं आणि मग खरा प्रश्न उभा राहतो तो केकच्या दुकानात. कारण आई अंडं खात नाही. आणि युरोपात बिनअंड्याचं गोड शोधणं म्हणजे कोकणात बिननारळाचा स्वयंपाक शोधणं.

यावर आमच्या ग्रुपात एकमताने मंजूर झालेलं सोल्यूशन असं की सांगायचंच नाही. "दिसतं का त्यात अंडं? वास येतो का? मग झालं तर!" आमच्यातल्या एका शहाण्याने तर पॅरिसमध्ये दोन दिवस आईला क्रेप 'मैद्याचं धिरडं' म्हणून खायला घातलं, आणि वर "आई काय खूश होती!" असं कौतुकाने सांगत फिरतो. माझा या प्रकाराला सक्त विरोध आहे. गंमत म्हणजे मी स्वतः अंडं खाते. रविवारी दोन-दोन ऑम्लेटं खाते. त्यामुळे हा धर्मबिर्माचा मुद्दा नाही, हे आधीच सांगून टाकते.

गेल्या नोव्हेंबरात मी, नवरा आणि आई-बाबा असे चौघे म्युनिकहून लिस्बनला गेलो होतो. त्यातला एक अख्खा दिवस बेलेंसाठी. तेजू नदीच्या काठाकाठाने १५ नंबरची ट्राम जाते, तिने गेलो. वास्को द गामा १४९७ मध्ये निघाला तो इथूनच. आणि 'पाश्तेइश द बेलें' ही जगप्रसिद्ध मिठाईही इथलीच. पातळ पापुद्र्यांची वाटी, आत पिवळंधमक कस्टर्ड, वर करपलेले काळे डाग. बाकी सगळीकडे तिला पाश्तेल द नाता म्हणतात, बेलेंचं नाव फक्त त्या एका दुकानाचं.

आणि हे कस्टर्ड म्हणजे शुद्ध अंड्याचा बलक. त्यामागची गोष्टही झकास आहे. मठांमध्ये कपड्यांना खळ द्यायला अंड्याचा पांढरा भाग वापरत, म्हणे. मग उरलेल्या ढीगभर बलकांचं करायचं काय? घाला साखर! पोर्तुगालच्या कितीतरी मिठाया अशा मठातून आल्या आहेत. १८३४ साली सरकारने मठ बंद केले आणि १८३७ पासून मठाशेजारच्या साखर कारखान्याच्या दुकानात जुन्या पाककृतीने हे पेस्ट्रीचं काम सुरू झालं. ते आजतागायत चालू आहे.

आत निळ्या-पांढऱ्या टाइल्सच्या खोल्यांमागून खोल्या. आम्हाला टेबल मिळालं, गरम गरम सहा आले, आणि नवऱ्याने माझ्याकडे 'आता?' असं बघितलं. मी म्हटलं, "आई, यात अंडं आहे. थोडंथोडकं नाही, भरपूर." आणि ती मठाची गोष्टही सांगितली. आईने नीट ऐकली. "बलक वाया घालवले नाहीत, हे बरं केलं," म्हणाली, आणि बशी बाबांकडे सरकवली. मग टेबलावरची पिठीसाखर आणि दालचिनीची पूड आपल्या दुधाळ कॉफीवर भुरभुरवून मजेत पीत बसली. बाबांनी तीन खाल्ले. बाबा 'बाहेर' खातात. हे आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. असो.

आता ग्रुपातल्या मंडळींचं म्हणणं, की एवढ्या लांब येऊन तिचं हुकलंच ना? हो, हुकलं. तिला त्याहून भारी काहीतरी मिळालं वगैरे मी म्हणणार नाही, कारण तो पदार्थ खरंच अफाट आहे. पण काय हुकवायचं ते ठरवणारी ती होती. साठ वर्षं जी गोष्ट ती स्वतःच्या मनाने पाळते, ती मला पटो न पटो, मोडायची की नाही हे मी परस्पर ठरवणार? उद्या कोणी आपल्याला न विचारता आपल्या मशीनवर काही इन्स्टॉल केलं तर आपण आकाशपाताळ एक करू. आणि खरं सांगा, आपण लपवतो ते आईच्या आनंदासाठी का? मला तरी वाटतं, पर्याय शोधण्यातली वीस मिनिटं वाचावीत आणि चौघांच्या हातात एकसारखी पेस्ट्री असलेला फोटो मिळावा, यासाठी लपवतो. इकडे आलेल्या आई-बाबांचं तिकीट आपण ठरवतो, कोट आपण घेतो, कुठे कधी उतरायचं ते आपणच सांगतो. निदान तोंडात काय जातंय एवढं तरी त्यांच्या ताब्यात राहू द्या की.

मी आईला दोन पोर्तुगीज शब्द शिकवले. "तें ओवु?" म्हणजे अंडं आहे का. "ओवु? गजरा ओवू तसं?" म्हणाली आणि लगेच पाठ झालं. त्यानंतर दिवसभर प्रत्येक काउंटरवर ही बाई पुढे आणि आम्ही मागे. काउंटरवरच्या मुली हसून मान डोलवायच्या, की आई "ओब्रिगादा" म्हणून पुढच्या दुकानात.

जेरोनिमुश मठ सोळाव्या शतकातला, दगडात दोरखंड आणि समुद्री वेली कोरलेला. बांधायला पैसा आला तो आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावरच्या ५ टक्के करातून, म्हणजे त्यात आपल्याकडच्या मिऱ्यांचा वाटा आलाच. दारातून आत गेलं की वास्को द गामाचं थडगं. वर हात जोडून झोपलेला दगडी पुतळा. शेजारच्या ग्रुपचा गाइड त्या दोरखंडांबद्दल फार सुंदर बोलत होता. बाबा बराच वेळ उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "हा दुसऱ्या खेपेला आला तेव्हा १५०२ साली याने मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज जाळलं. बायकापोरांसकट." मग आई थडग्याकडे न बघता सरळ छताकडे बघायला लागली. छत सुंदर आहे, ते मी नाकारत नाही. अटलांटिकच्या बेटांवर आणि ब्राझीलमध्ये आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या घामावर पिकलेली साखर या मिठायांतही होती, तरी मी दोन खाल्लेच. पण आत काय आहे ते गाइडने सांगावं, मग आम्ही बघू किती कौतुक करायचं ते.

बेलेंचा टॉवर बाहेरूनच पाहिला. त्याच्या एका बुरुजाखाली गेंड्याचं डोकं कोरलंय, झिजून झिजून आता उंदरासारखं दिसतं. हा गेंडा गुजरातच्या सुलतानाने दिलेला, गोव्याहून जहाजाने १५१५ मध्ये लिस्बनला पोचलेला. बाबांनी त्याचे अकरा फोटो काढले. आमचे चौघांचे मिळून तीन!

संध्याकाळी शहरात परतलो तेव्हा कोपऱ्याकोपऱ्यावर धूर. नोव्हेंबरात लिस्बनभर गाड्यांवर चेस्टनट भाजतात, मिठात, आणि कागदाच्या पुडीत देतात. आईने एक सोलून तोंडात टाकला आणि ओरडलीच, "अगं, या तर आठळ्या!" अगदी तस्साच मऊ, पिठूळ. ती अख्खी पुडी तिने एकटीने संपवली.

आणि गोड? तेही मिळालं. एका साध्या किराणा दुकानात मार्मेलादा दिसला. हा आपला ब्रेडला लावायचा मार्मालेड नव्हे. क्विन्स नावाचं पेअरसारखं तुरट फळ साखरेत आटवून त्याची घट्ट वडी पाडतात, बस्स. गोव्यात ख्रिसमसला पेरूची पेराद करतात, ती याचीच बहीण. "तें ओवु?" "नांव!" म्हाताऱ्या दुकानदाराने दोन्ही हात हलवून सांगितलं. तरी आईने माझ्याकडून लेबल वाचून घेतलंच. फळ आणि साखर. दोन डबे घेतले.

पुण्याला पोचल्यावर त्यातला एक डबा भिशीत फुटला. आईचा फोन आला होता. जोशीकाकूंनी वडी तोंडात टाकण्याआधी विचारलं म्हणे, बाहेरच्या देशातलं आहे, अंडंबिंडं नाही ना? "मी म्हटलं, बिनधास्त खा, मी स्वतः पोर्तुगीजमध्ये विचारलंय!"