स्टार्टर आणि मजुरी

सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापिली. तिची पद्मिनी मोटार निघेनाशी होऊन २० वर्षे उलटली, तरी हौशी मालकांनी ती जपली आहे. सकाळी स्टार्टर कुरकुरला की हे मालक नव्या स्टार्टरच्या शोधास लागतात. वस्तुतः दोष पुष्कळदा बॅटरीच्या गंजलेल्या टर्मिनलचा वा सैल अर्थ-वायरचा असतो. नाही तर झिजलेल्या कार्बन ब्रशचा. ब्रश बदलून कम्युटेटर साफ केला की तोच स्टार्टर पुन्हा वर्षानुवर्षे चालतो.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांपुढील मोटारींसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणी सुरू केली, हे उचितच झाले. परंतु सुट्या भागाची किंमत निमूटपणे मोजणारा मालक आर्मेचरचे वाइंडिंग करणाऱ्याशी मजुरीसाठी घासाघीस करतो. मग त्या कारागिराच्या मुलाने हा धंदा कशासाठी उचलावा?