उंदरांना काय, काहीही चालते?

विद्यार्थिमित्रांनो, सोनपेठच्या शिवारातला उंदीर ज्वारी खातो, हरभरा खातो, पोतेही कुरतडतो. म्हणून ‘उंदरांना काय, काहीही चालते’ असे तुम्ही म्हणाल. प्रयोगशाळेत पैदाशीसाठी पाळलेल्या पांढऱ्या उंदरांबाबत मला हे मुळीच मान्य नाही.

मादीचा गर्भकाळ जेमतेम 21 ते 23 दिवसांचा. एका वेतात आठ-दहा पिले. त्यांना पाजताना तिचा आहार दुपटीहून अधिक वाढतो. तेव्हा नुसते भाकरीचे तुकडे टाकले, तर प्रथिने कमी पडतात, दूध आटते, पिले खुरटतात. खाद्यात सुमारे 18 ते 20 टक्के प्रथिने हवीत. (क जीवनसत्त्व मात्र उंदीर शरीरातच तयार करतो, आपल्याला ते साधत नाही!)

आणि स्वस्त म्हणून बुरशी आलेली शेंगदाण्याची पेंड खाद्यात मिसळली तर? 1960 साली इंग्लंडमध्ये अशा पेंडीने लाखभर टर्की पक्षी दगावले. त्या बुरशीचे विष, अफ्लाटॉक्सिन, उंदराचेही यकृत बिघडवते. दोष मात्र जातो तपासायच्या औषधावर. मग ते उंदीर मेले कशासाठी? प्रयोगशाळेने औषधाइतकीच काटेकोर नोंद खाद्याचीही ठेवावी आणि निष्कर्षांबरोबर ती छापावी, असे माझे स्पष्ट मत आहे.