कपिलेचे दूध आणि ‘चॉक अँड चीज’

वाराणसीच्या दुर्गाघाट-ब्रह्माघाट परिसरातील जुन्या मराठी वस्तीत बसून आजची मराठी समीक्षा वाचताना एक खोड वारंवार खटकते. दोन गोष्टींतील भेद ठसवायचा झाला की समीक्षक ऐन वाक्यात ‘पोल्स अपार्ट’ म्हणतो, नाहीतर ‘चॉक अँड चीज’. भेद कशात आहे, हे वाचकाने शोधायचे.

इंग्रजीत या जोडीला कूळ आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस जॉन गॉवरने ती योजली ती खडू चीज म्हणून खपवण्याच्या अर्थाने. रूप सारखे, गुण निराळा. हेच आपल्याकडे कावळा-कोकीळ सांगतात. दूध समजून पिठाचे पाणी प्यालेला अश्वत्थामाही सांगतो. मराठी स्वयंपाकघरात चीज आले ते कालपरवा!

एकनाथांनी भागवतावरील आपली टीका १५७३ मध्ये याच नगरीत, संस्कृत पांडित्याच्या बालेकिल्ल्यात, पूर्ण केली. संस्कृत आणि प्राकृत यांत मानलेला उच्चनीच भेद खोडताना त्यांनी कपिलेच्या दुधाचा दाखला दिला आहे : दूध तेवढे तिचेच, तर इतर गायींचे काय पाणी समजायचे? हा दृष्टान्त नुसता जोर देत नाही, युक्तिवाद करतो. पुढे विसाव्या शतकात इथल्याच ‘आज’ दैनिकाचे संपादक, मराठी घरातले बाबूराव विष्णु पराडकर, हिंदीसाठी नवे शब्द घडवीत राहिले; इंग्रजीवर भागवणे त्यांनाही सोपे होते.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. आपले भेददर्शक वाक्प्रचार उतरंडीने बरबटलेले आहेत : कुठे राजा भोज नि कुठे गंगू तेली. तेल्याचा घाणा हिणवणारी ही म्हण लोपली तर मराठीचे काहीएक बिघडणार नाही. पण तिच्या जागी आलेले ‘ॲपल्स अँड ऑरेंजेस’ निष्पाप आहे काय? ते तुलनेचे दारच लावून घेते. ‘स्मृतिचित्रे’ आणि ‘बलुतं’ शेजारी ठेवली की हा शेरा हमखास पडतो, आणि समीक्षक शालीन ठरतो. मग लक्ष्मीबाई टिळकांच्या वडिलांचे सोवळ्याने पछाडलेले घर आणि दया पवारांचा कावाखाना यांत अंतर किती, आणि तरी दोन्हीकडे विटाळाचीच सत्ता कशी, हे त्याला लिहावे लागत नाही.