माणशी बारा चौरस मीटर

परवा भाच्याचा फोन आला. गेल्या वर्षी तो ब्लू कार्डावर म्युनिकला आला, आता बायकोचा व्हिसा झाला म्हणून स्वारी खुशीत होती. मी सवयीने विचारलं, "घराचे कागद काय दिलेस रे?"

"कसले घराचे कागद, मामा?"

कसले म्हणजे? मी फोन ठेवला आणि हिला सांगितलं. ती काही बोलली नाही, नुसती हसली. पण ते हसू मला बरंच काही सांगून गेलं. म्हणून हे लिहितोय. नातेवाईक मंडळींनी तेव्हा "एवढे महिने का लागले तिला न्यायला?" असं विचारलं होतं, त्याचंही उत्तर यात आहे.

गोष्ट २०११ सालची. मी म्युनिकमध्ये नोकरीला, ही आणि पाच वर्षांची लेक पुण्यात. माझं घर एका खोलीचं, २९ चौरस मीटर. जर्मनीच्या रहिवास कायद्यात परदेशी माणसाला कुटुंब आणायचं तर 'पुरेशी राहण्याची जागा' दाखवावी लागते. पुरेशी म्हणजे किती, ते सरकारी मार्गदर्शक नियमांत आहे: सहा वर्षांवरच्या प्रत्येकाला १२ चौरस मीटर, सहाच्या आतल्या मुलाला १०, शिवाय स्वयंपाकघर-न्हाणीघर वापरायला हवं. एवढी असली की जागा पुरेशी धरतात. दहाएक टक्के कमी असली तरी चालवून घेतात. दोन वर्षांच्या आतलं मूल हिशेबातच नाही, म्हणजे रात्रभर घर डोक्यावर घेणारं बाळ सरकारदरबारी शून्य!

आमचा हिशेब करा. १२ अधिक १२ अधिक १०, झाले ३४. दहा टक्के सूट धरली तर ३०.६. माझे २९. कमी पडले १.६ चौरस मीटर. एक सतरंजी अंथरा, तेवढी जागा! तेवढ्यासाठी माझं कुटुंब सात हजार किलोमीटरवर.

मग मोठं घर शोधायला लागलो. घरमालक विचारायचे, "कुटुंब कुठे आहे?" मी म्हणायचो, "घर मिळालं की येईल." कचेरी म्हणायची, "आधी भाडेकरार आणा, मग कुटुंब." घरमालक म्हणायचे, "कुटुंब आलं की बघू, एकट्याला कशाला एवढं घर?" म्युनिकमध्ये घर मिळणं म्हणजे काय असतं ते तिथे राहिलेल्यांना सांगायला नको. शेवटी गावाबाहेर ४१ चौरस मीटरचं मिळालं, भाडं पगाराच्या जवळजवळ निम्मं. फाइल पुढे सरकेपर्यंत त्या घरात मी, एक गादी आणि लेकीसाठी आणलेला छोटा पलंग, असे तिघे राहत होतो. लेकीच्या सहाव्या वाढदिवसाची मला धास्ती, कारण त्या दिवशी ती दोन चौरस मीटरने वाढणार होती. ४१ मध्ये तेही बसत होतं, पण एकदा फूटपट्टी डोक्यात बसली की बाप असाच विचार करायला लागतो. वाढदिवस फोनवरच झाला.

आता मुद्द्याचं. नियमाच्या बाजूने बोलणारे म्हणतात, हे तुमच्याच भल्यासाठी. लोक दाटीवाटीने राहू नयेत, मुलांना जागा मिळावी, घरमालकांनी एका खोलीत दहाजण कोंबू नयेत. ही चिंता खोटी नाही. मी स्वतः चाळीत वाढलोय. तिथे "कसं छान मिळून-मिसळून राहायचो" असं गाणं मी गाणार नाही. मुंबईतल्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, म्हणजे जेमतेम १५ चौरस मीटर. या फूटपट्टीने तिथे एकच माणूस मावतो, आणि राहिली मात्र पिढ्यान् पिढ्या अख्खी कुटुंबं. ते राहणं हलाखीचं होतं आणि मोठं घर मिळणं हा त्यांचा हक्कच.

पण भल्यासाठीच असेल तर सगळ्यांना हवा ना? माझ्या तेव्हाच्या शेजारी एक जर्मन तरुण राहायचा, घर हुबेहूब माझ्याएवढं. त्याने परदेशातली बायको आणली असती तर त्याला ही अट लागली नसती. ही अट परदेशी माणसाकडे येणाऱ्या कुटुंबालाच आहे. म्हणजे २९ चौरस मीटरमध्ये जर्मन माणसाचा संसार गुदमरत नाही, माझा मात्र गुदमरतो. कुटुंबाला राज्याचं विशेष संरक्षण आहे असं त्यांच्या राज्यघटनेचं सहावं कलम सांगतं. तिथे चौरस मीटर लिहिलेले नाहीत.

आणि आता भाच्याची गोष्ट. २०२३ मध्ये जर्मनीने कुशल मनुष्यबळासाठी कायदा बदलला आणि १ मार्च २०२४ पासून अशा लोकांच्या नवरा-बायकोला आणि अज्ञान मुलांना घराच्या पुराव्याची अट काढून टाकली. उत्पन्न दाखवावं लागतं, घर नाही. मला आनंद आहे, मत्सर नाही (बरं, थोडासा आहे). पण यातून काय सिद्ध झालं ते बघा. इंजिनियरची मुलं काही २०२४ मध्ये आकाराने लहान झाली नाहीत. देशाला माणसं कमी पडली, आणि अट गेली. म्हणजे ती कुटुंबाच्या भल्यासाठी नव्हतीच. तो दारातला उंबरठा होता. जो पाहुणा हवासा झाला त्याच्यासाठी खाली केला.

सगळ्यांसाठी नाही. आमच्या नेहमीच्या भारतीय उपाहारगृहात एक गढवाली स्वयंपाकी आहे. त्याची परवानगी खास स्वयंपाक्यांच्या वेगळ्या तरतुदीखालची, तिला ही सवलत नाही. बायको, सात वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा. मनातल्या मनात मी हिशेब केलाच: ४६ चौरस मीटर. तो राहतो दोन सहकाऱ्यांबरोबर एका खोलीत, आणि दुसऱ्यांबरोबर वाटून घेतलेली खोली हिशेबात धरत नाहीत. त्याच्या पगारात म्युनिकमध्ये ४६ चौरस मीटर? मागे मी त्याला माझ्या रिकाम्या घराची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "साहब, आपके पास खाली घर तो था।"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दाटीवाटीची काळजी असेल तर ज्या घरात माणसं खरोखर कोंबली आहेत तिथे जा, घरमालकाला धरा, जर्मन असो की परदेशी. नियम माणसासाठी असेल तर इंजिनियर आणि स्वयंपाकी यांच्या लेकरांना एकाच मापाने मोजा. आणि इंजिनियरच्या लेकराला न मोजता चालतं हे आता दिसलंच आहे, तर स्वयंपाक्याच्या लेकरालाही मोजू नका.

असो. हिने आत्ताच वाचलं आणि म्हणाली, तो छोटा पलंग अजून माळ्यावर आहे. गढवाली भाऊंना विचारून ठेवणार आहे. लागेल तेव्हा घेऊन जा म्हणावं.