पंख ट्रॅकवर, चितळ रस्त्यावर

ट्रॅकवर हौसेने पळवायच्या हलक्या रेसिंग गाडीचा मागचा पंख आधी नजरेत भरतो. विमानाचा पंख विमान वर उचलतो. हा उलटा बसवलेला पंख गाडीला खाली दाबतो. ब्रिटिश बनावटीची ‘रॅडिकल एसआर-३’ जेमतेम ६२० किलोची. वळणावर तिची पकड बरीचशी या दाबावरच असते. पण दाब वेगाच्या वर्गाने बदलतो. ताशी १६० किलोमीटरला मिळणारा दाब ८० वर एक-चतुर्थांश उरतो.

ही हौस गाडी घेऊन संपत नाही. टायर झपाट्याने झिजतात, इंजिनाचे आयुष्य किलोमीटरवर नव्हे, तासांवर मोजतात. वळणावर गुरुत्वाकर्षणाच्या दुप्पट बल आले, की हेल्मेटसह साडेसहा किलोचे डोके मानेला १३ किलोंइतके ओढते. म्हणून कसलेली मान हवी आणि बंदिस्त ट्रॅकही.

चंद्रपूर-मूल-गडचिरोली मार्ग जंगलातून जातो. तिथे साध्या गाडीच्या डिकीवरचा पंख केवळ शोभेचा. ताशी १०० च्या वेगात समोर चितळ आले, तर ब्रेकवर पाय पडेपर्यंतच्या एका सेकंदात गाडी २८ मीटर पुढे जाते; थांबेपर्यंत सुमारे ८० मीटर. रात्री हेडलाइटच्या खालच्या झोतात एवढे अंतर सहसा दिसतच नाही.

वेगाची आवड हा दोष नव्हे, जागा चुकते. चेन्नईजवळचा किंवा ग्रेटर नोएडाचा ट्रॅक इथून लांब आहे, हे खरे. तरी हौस तिथेच भागवावी. जंगलातल्या रस्त्यावर पहिला हक्क तो ओलांडणाऱ्याचा, मग ते चितळ असो की सायकलवरून घरी निघालेला मजूर.